सासूबाईंनी निवडलेली रायफल

मंडळी, आज मी माझी पहिली रायफल घेतली! कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

शूटिंग क्लबची परीक्षा झाली, परवाना आला, म्हणून सकाळी इथे जर्मनीत, आखनमधल्या बंदुकांच्या दुकानात जुनी रायफल बघायला गेले. नाशिकहून आलेल्या सासूबाई सोबत होत्या. मला खालचा लिव्हर ओढून गोळी भरायची छोटी पॉइंट टू टू बोअरची रायफल हवी होती. तशा दोन होत्या. मी चकचकीत पॉलिशवाली उचलली.

"बघू गं," म्हणत सासूबाईंनी तिचा लिव्हर ओढून पाहिला. "ही अडकतेय. ती ओरखडे पडलेली बघ, किती अलगद चालते."

"आई, तुम्हाला कसं कळतं?"

"अगं, कॉलेजात एनसीसीत होते मी. नेमबाजीत पहिली यायचे."

दुकानदाराने मागच्या रेंजवर दोन्ही चालवून बघायला दिल्या. माझ्या चकचकीत रायफलीत दुसरीच गोळी अडकली. ओरखडेवालीने आईंनी पाच गोळ्या झाडल्या, सगळ्या निशाणाच्या काळ्या वर्तुळात! "झेअर गूट!" म्हणजे 'फारच छान!' म्हणत दुकानदाराने टाळ्याच वाजवल्या. अर्थात तीच घेतली.

येताना गाडीत आई कॉलेजातल्या स्पर्धांबद्दल भरभरून बोलत होत्या. लग्नाला सहा वर्षं झाली, पण मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्या घरातल्या मोठ्यांना तुम्ही काय काय विचारलंय?