मिटून रंगवलेली खिडकी

ऑइलपेंटचा वास आला की मी अजून नाकाला पदर लावते. लोकांना त्यात नव्या घराचा आनंद दिसतो. मला माझे सासरे दिसतात, हातात ब्रश घेतलेले.

पलूसजवळच्या आमच्या गावात मामंजींना सगळे सुभेदार म्हणत. फौजेतून पेन्शन घेऊन आले, पण फौज काही त्यांच्यातून गेली नाही. पलटणीत मोठा साहेब तपासणीला यायचा म्हटलं की दोन दिवसांत दगडधोंड्यांपासून खाटेच्या पायापर्यंत सगळं रंगवून काढायचं, एवढं एक शिक्षण त्यांनी घरी आणलं होतं. खाली गंज आहे की घाण, हे साहेब खरवडून बघत नसतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन हिवाळे झाले असतील. माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लहानपणापासून तिला दमा. धुळीने, धुराने, कशानेही छाती भरायची आणि ओठ निळे पडायचे. मुलगा झाला, दोघं सुखरूप होती. बारशाला तिच्या सासरची मंडळी साताऱ्याहून येणार होती. झालं, मामंजींच्या दृष्टीने साहेबाचीच तपासणी! दारं-खिडक्यांच्या चौकटी, भिंतीलगतच्या लाकडी पट्ट्या, सगळं हिरवं करायचं ठरलं.

"रंगारी आठ दिस घालवंल. मी दोन दिसांत उडवतो," म्हणाले.

त्यांच्या युक्त्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. जुना रंग घासायचा नाही, नुसती फुंकर मारायची. रंग भराभर पसरावा म्हणून त्यात रॉकेल ओतायचं. काचेला आधी साबण चोळायचा, म्हणजे सांडलेला रंग पुसता येतो. ही एक युक्ती खरंच चांगली होती, पण मामंजी पुसायचे ते अंगठ्याला थुंकी लावून. ब्रश पुसायला फडकं सापडेना, तर दोरीवरचं बाळाचं बाळुतं ओढलं. मला शिसारी आली. चौकटीच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, त्यात वाळलेल्या माश्या. त्यावरूनही ब्रश फिरला. हिरव्या माश्या! कित्येक दिवस त्या तिथेच होत्या, मी स्वयंपाकाला जाता-येता मान फिरवायची.

आणि सगळ्यात मोठी युक्ती खिडकीची. "उघड्या खिडकीच्या कडा किती, मोज की. मिटून घेतली की एकच फळी. सरळ वरनं खाली हात मारायचा." त्यांनी बाळंतिणीच्या खोलीतली एकुलती एक खिडकी मिटली आणि चौकट, झडप, फट, कडी, सगळ्यांवरून जाड हात मारला.

मी म्हटलं, "मामंजी, वन्संना हवा लागंल की. दमा हाय त्यांना."

"बाळंतिणीला कवा वारं लागू देत्यात व्हय? तुमच्या म्हायेरी वाईत देत असतील."

माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनीही मान डोलावली. बाळंतिणीची खिडकी बंदच हवी, हे त्यांचंही ठाम मत. एकाची घाई आणि दुसरीची रीत, दोघांचं बरं जुळलं. मी गप्प बसले नाही, पण सुनेचं ऐकतो कोण.

बारशाच्या दिवशी सकाळी नणंदेला न्हाऊ घातलं आणि रीतीप्रमाणे बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपाची धुरी दिली. रॉकेलचा वास, ओला रंग, त्यात धूर. थोड्याच वेळात आत्याबाईंची हाक आली. मी धावले. नणंद बाजेवर वाकून बसली होती, खांदे वरखाली होत होते, पण आत काही जात नव्हतं. "वैनी, खिडकी," एवढंच म्हणाली. आत्याबाईंनी पोराला उचलून बाहेर नेलं. मी शेगडी दाराबाहेर ढकलली आणि खिडकीला भिडले. कडी रंगात रुतलेली. झडपेला धक्के मारले, दोन्ही हात हिरवे झाले, ती हलेना.

तेवढ्यात मामंजी दारात आले. लेकीकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे.

"आगं, कडा खरवडू नगं! रंग निघंल. सांजच्याला पाव्हणं येत्यात."

माणसाची किळस येते म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि काच फोडली. नणंदेला धरून खिडकीशी नेलं. गजांना तोंड लावून ती कितीतरी वेळ श्वास ओढत राहिली. हळूहळू ओठांना रंग आला.

मामंजींनी दुपारी काय करावं? फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा ठोकला आणि पुठ्ठाही हिरवा करून टाकला.

संध्याकाळी पाहुणे आले. पोराचं नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. विहीणबाई चौकटीवरून नजर फिरवून म्हणाल्या, "लय झ्याक रंग दिलाय, सुभेदार." मामंजींची छाती फुगली. दोन दिवसांत एकट्याने कसं उरकलं, ते सांगायला त्यांनी सुरुवात केली.

नणंद पोराला घेऊन दारात उभी होती. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मला आजच घिऊन चला."

सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण माहेर सोडत नाही. सोडलं तर गाव माहेराला नावं ठेवतं. मामंजींचा चेहरा उतरला. "पोरी, आसं काय? हितं काय कमी हाय तुला? सगळं घर तुज्यासाटनं रंगीवलं."

"तिकडची खिडकी उघडती, आबा," ती म्हणाली.

आत्याबाई आत गेल्या आणि तिची ट्रंक भरू लागल्या.