बाटली संपली, आजार नाही

"सोबत कोणी आलंय का?" अकोल्याच्या दवाखान्यात समुपदेशक मॅडमनी विचारलं. मी एकटीच होते. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं, "रक्तात एचआयव्ही निघाला आहे."

एचआयव्ही म्हणजे अंगाची आजाराशी लढायची ताकद खाणारा विषाणू. नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता. तो ताप कसला, ते मला त्या दिवशी समजलं.

मी मेळघाटातली कोरकू. अकोटला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला. माझं मराठी बाजारापुरतं. मॅडम अर्धा तास समजावत होत्या, मी मान हलवत राहिले. समजलं नाही म्हणायची लाज वाटली.

एआरटीच्या गोळ्या मिळाल्या. विषाणूला दाबून ठेवणारं औषध, रोज एक. खोलीवर आल्यावर मी माझा ताट-पेला वेगळा केला. दुसरं कोणी जेवायला नव्हतंच, तरी केला. महिन्याने बाटली रिकामी झाली. मला वाटलं, बरी झाले.

तीन महिन्यांनी अंथरुणाला खिळले. दवाखान्यातून फोन येत होते, मी उचलत नव्हते. शेवटी एक बाई दारात आली.

"कोन पाह्यजे?" घरमालकीणबाईने तिला अडवलं.

"मी हिच्या मावशीची पोरगी," ती म्हणाली.

आत येऊन ती माझ्याशी कोरकूत बोलली. फुलवंती तिचं नाव, दवाखान्यानेच पाठवलेली; मावशीचं नातं घरमालकीणबाईला सांगण्यापुरतं. धारणीकडची, आठ वर्षं याच गोळ्या घेणारी. आपल्या भाषेत तिने एवढंच विचारलं, "गोळी का थांबवलीस?" मी पुष्कळ रडले. गोळी जन्मभर घ्यायची असते, आणि सोबत जेवल्याने हा आजार लागत नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पुढे व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते पाहणारी तपासणी, झाली. डॉक्टर म्हणाले, "विषाणू सापडण्याइतकाही उरला नाही. गोळी मात्र सोडू नका."

तुमच्यावर ही वेळ आली, तर समजेपर्यंत विचारा. आपली भाषा बोलणारं माणूस मागा.

भावाला कळलं तेव्हा त्याने येणं सोडलं. जिनिंगमध्ये अजून कोणाला सांगितलेलं नाही. आईला मात्र गावी जाऊन सांगितलं. तिने चुलीतली लाकडं आत सारली. मग म्हणाली, "कधी घेतेस ती गोळी?"

संध्याकाळी सातला, मी म्हटलं.

आता रोज सातला तिचा फोन येतो. "घेतलीस?" एवढंच विचारते आणि ठेवते. दिवसभरात माझ्याशी कोरकूत बोलणारं तेवढंच कोणी असतं.