बिंबलाचा पुरावा

दुपारचं ऊन कलंडलं की तंकमणी वाचनशालेतून निघते. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पंधरावीस पुस्तकं, हातात छत्री. ज्या बायकांना घरचं सोडून वाचनशालेत येता येत नाही त्यांना पुस्तकं घरी नेऊन द्यायची आणि वाचून झालेली परत आणायची, हे तिचं काम. मानधन सांगण्यासारखं नाही. नवरा कौलांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यापासून तो लोकांच्या नारळबागा राखतो. तंकमणी पन्नाशी ओलांडून गेली, पण गावात म्हाताऱ्यासुद्धा तिला चेची, म्हणजे मल्याळममध्ये ताई, म्हणतात. पुस्तकवाली चेची.

ती कुठल्याही घरी समोरच्या दाराने जात नाही. विहिरीला वळसा घालून मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या पायरीशी. पुस्तकांची देवघेव तिथेच चालते. एका हाताने मासे साफ करत बाई विचारते, "त्या डॉक्टरीणबाईचं लग्न झालं का गं शेवटी?" तंकमणी म्हणते, "मी सांगितलं तर तू पुस्तक उघडशील कशाला?" परत येणाऱ्या कादंबऱ्यांत तारलीचा खवला निघतो, कधी खोबरेल तेलाचा डाग.

समोरून जायचं घर एकच, शंकुण्णी माश यांचं. माश म्हणजे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावाला ते माशच. वाचनशालेचे अध्यक्ष. सातवीत त्यांनी तंकमणीला शिकवलं होतं आणि पुढे हे कामही त्यांनीच दिलं होतं. ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत ते बसायचे, ती पायरीवर. चहा आतून यायचा. आणायची त्यांची बायको देवयानी, कप ठेवायची आणि परत जायची. देवयानीच्या नावाचं कार्ड वाचनशालेत नव्हतं. तिने मागितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

माश कुठलीही गोष्ट ऐकली की विचारायचे, "लिहिलंय कुठे?" पंचायतीची बातमी असो की पावसाचा अंदाज. त्यांच्या विद्यार्थ्यांत हा प्रश्न मुरला होता. तंकमणीच्याही.

वाचनशालेत आरोग्याचं एक कपाट आहे. त्यात आहाराची पुस्तकं भरपूर आहेत, पण त्यातलं क्वचितच एखादं वाचनशालेने विकत घेतलेलं. गावात कोणी गेलं की सोळाव्या दिवसाचा विधी उरकल्यावर घरचे लोक त्याची पुस्तकं वाचनशालेला देतात. ती नाकारायची नाहीत, शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, आत 'अमक्याच्या स्मरणार्थ' लिहायचं. माणूस शेवटच्या दिवसांत जे वाचत होता ते या कपाटात येतं. मधुमेहाने गेलेल्यांकडून मधुमेह पळवणारी पुस्तकं आली, दम्याने गेलेल्यांकडून दम्याची. पण शिक्का सगळ्यांवर एकच असतो आणि गाव शिक्का बघतं.

एका वर्षी माशच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरने गोळी दिली. माश म्हणाले, "काय गं तंकम, आयुष्यभर गोळी घ्यायला मी काय म्हातारा झालोय? खाण्यापिण्याने बरं करण्याचं काही असेल तर आण."

तिने कपाटातून तीन पुस्तकं नेली. त्यांतलं एक हिरव्या पुठ्ठ्याचं होतं, किराणा दुकानदार कोच्चप्पन याच्या स्मरणार्थ आलेलं. त्यात परसातल्या झाडांचे उपाय होते. कोलेस्टेरॉलसाठी इरुंबनपुळीचा रस, सकाळी उपाशीपोटी. इरुंबनपुळी म्हणजे कोकणातलं बिंबल. या गावात प्रत्येक विहिरीपाशी एक झाड असतं, खोडालाच घोसाघोसाने फळं लगडलेली. मासळीच्या कालवणात दोनचार टाकतात, लोणचं घालतात. रस करून पेलाभर प्यायचा म्हणजे वेगळंच. दात शिवशिवतात. पण माश विषूच्या सणापासून, म्हणजे एप्रिलपासून, नेमाने प्यायला लागले. दुसऱ्या तपासणीत आकडा खाली आला, आणि गोळी बंद झाली.

"बघ," ते तंकमणीला म्हणाले, "झाड दारात आणि आपण चाललो औषधाच्या दुकानात."

तिलाही बरं वाटलं. तिने आणलेलं पुस्तक कामी आलं होतं. पुढच्या फेऱ्यांत तिने चार घरी हे सांगितलंसुद्धा.

ओणमनंतर जिन्सी सुट्टीवर आली. ही कुवेतच्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या आईला पुस्तक द्यायला तंकमणी मागच्या पायरीशी बसली होती, आणि बोलता बोलता माशच्या रसाचा विषय निघाला. जिन्सी केस विंचरत होती, ती थांबली.

"रोज पितात? उपाशीपोटी?"

"पेलाभर."

"चेची, थांबवा त्यांना. मी इथे शिकत होते तेव्हा आमच्या वॉर्डात असाच एक जण आला होता. कोलेस्टेरॉलसाठी हाच रस. मूत्रपिंडं बसली त्याची. त्यात एक आम्ल असतं, ते आत खड्यांसारखं साचतं."

"कालवणात तर आपण सगळेच खातो."

"कालवणातली दोन फळं वेगळी आणि पेलाभर रस वेगळा. तुम्ही सांगा त्यांना, माझं नाव घेऊन सांगा."

तंकमणी तशीच उठली आणि माशच्या ओसरीवर गेली. माशनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठली जिन्सी? वर्गीसची? ती गणितात नापास झाली होती."

"माश, ती आता नर्स आहे."

"असेल. एकच रोगी तिने पाहिला. तो आणखी काय काय पीत होता, ते तिला ठाऊक आहे? लिहिलंय कुठे हे?"

"शोधते," तंकमणी म्हणाली.

शोधायचं म्हणजे काय, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. कादंबऱ्या कोणत्या फळीवर, चरित्रं कोणत्या, हे ती डोळे मिटून सांगेल. पण एखादी गोष्ट खरी आहे का हे पुस्तकांत शोधण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिने आरोग्याचं कपाट रिकामं करून जमिनीवर मांडलं. बिंबलाचं नाव बऱ्याच पुस्तकांत होतं, आणि सगळीकडे कौतुकच. दोन पुस्तकांतली वाक्यं तर शब्दाशब्दाने सारखी होती, म्हणजे एकाने दुसऱ्याची उचललेली. सगळ्यात खाली अन्नघटकांच्या सरकारी तक्त्यांचं एक जुनं पुस्तक सापडलं, एका शेतकी अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ आलेलं. कोणत्या फळात पाणी किती, जीवनसत्त्व किती, ते त्यात होतं. कोणी किती प्यायलं तर काय होईल, ते तक्ता कशाला सांगेल?

तालुक्याच्या वाचनालयात कॉम्प्युटर होता. तिथल्या मुलीने फळाचं नाव घातलं. पडद्यावर हिरवेगार पेले आले, आणि हसणारी माणसं. 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत.' खाली कुठेतरी मूत्रपिंडाचा उल्लेख होता, पण ते कोणी लिहिलं त्याचा पत्ता नव्हता. ते माशपुढे नेण्यात अर्थ नव्हता.

शेवटी ती शहरातल्या गृहविज्ञानाच्या कॉलेजात गेली. रखवालदाराने ओळखपत्र मागितलं. तिने वाचनशालेची पिशवी दाखवली. त्याने पिशवीवरची अक्षरं वाचली, तिच्याकडे बघितलं आणि आत जाऊ दिलं.

तिथल्या ग्रंथपाल फिलोमिना टीचर. चष्मा साखळीला, बोलणं तुटक. तंकमणीचं ऐकून घेऊन त्यांनी तिला पोषणशास्त्राच्या फळीपाशी नेलं. भिंतभर पुस्तकं होती, तीही इंग्रजी. तंकमणी इंग्रजी अक्षरं लावू शकते, वाक्य तिच्या हाती लागत नाही.

"आधी बघायचं कोणी लिहिलंय," फिलोमिना टीचर म्हणाल्या. "मग कधी. मग ते छापायच्या आधी त्यातल्या जाणकारांनी तपासलं का. आणि लिहिणाऱ्याला त्यातून काही विकायचंय का."

हिरव्या पुस्तकाच्या मागच्या पानावर रसाच्या बाटल्यांची जाहिरात होती. तंकमणीला ती आठवली.

पुस्तकांत फारसं निघालं नाही. मग टीचरनी कॉम्प्युटरवर वैद्यकीय नियतकालिकांत शोध घेतला, आणि एक लेख निघाला. याच राज्यातल्या डॉक्टरांनी लिहिलेला. बिंबलाचा रस भरपूर प्यायलेले काही रोगी, सगळ्यांची मूत्रपिंडं बिघडलेली. टीचरनी तो मल्याळममधून तिला वाचून दाखवला, मग छापून दिला.

"हे पक्कं?" तंकमणीने विचारलं.

"भरवशाचं आहे. पण रोगी थोडेच आहेत. जे आहे ते हेच."

"टीचर, यावर आपल्या भाषेत दोन ओळी लिहून द्याल? की पिऊ नका म्हणून. खाली सही करा. तुमच्या सहीला वजन आहे."

फिलोमिना टीचरनी चष्मा काढला. "मी ग्रंथपाल आहे. कागद काढून देणं माझं काम. प्या किंवा पिऊ नका, हे मी सांगितलं तर उद्या कोणीही सांगेल. त्यांना डॉक्टरकडे न्या."

"ते डॉक्टरवर रुसलेत."

"मग काय करणार!" टीचर म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती.

दुसऱ्या दिवशी तंकमणी ओसरीच्या पायरीवर बसली आणि माशनी पेन्सिल घेऊन लेख वाचला. शाळेतले पेपर तपासताना बसत तसेच बसले होते. देवयानीने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. विहिरीपाशी कोणीतरी बादली आपटत होतं.

"इंग्रजी बरं आहे," माश म्हणाले. "आता ऐक. 'भरपूर प्रमाणात' असं लिहिलंय. मी पितो एक पेला. ते भरपूर झालं?"

"रोजचा एक, माश."

"दुसरं. इथे म्हणतात की असं होऊ शकतं. होतंच असं म्हणत नाहीत. लिहिणारा प्रामाणिक आहे. तू मात्र 'होतंच' म्हणत आलीस."

"माझं जाऊ द्या. महिनाभर थांबून बघा."

"आणि आकडा वर गेला तर? हृदयाला काय सांगू, तंकमणी शोध घेतेय म्हणून?" ते हसले. "तिसरं. या कागदावर आपला शिक्का कुठाय? त्या पुस्तकावर आहे. शिक्का मारून तूच आणून दिलंस."

"ते कोच्चप्पनच्या घरून आलंय. ते वाचून तो जगला का?"

"कोच्चप्पन हृदयाने गेला. मूत्रपिंडाने नाही."

त्यांचा प्रत्येक मुद्दा कागदावर होता. तिची भीतीच तेवढी कुठे लिहिलेली नव्हती. माशनी लेखाची नीट घडी केली आणि तिला परत दिली. "पण शोधलंस छान," ते म्हणाले. सातवीतल्या मुलीला म्हणावं तसं.

ती समोरच्या फाटकातूनच बाहेर पडली.

त्यानंतर ती दोनदा गेली, दोनदा तेच झालं. कार्यकारिणीत तिने हिरवं पुस्तक काढून टाकण्याचा विषय काढला. खजिनदार म्हणाला, "स्मरणार्थ दिलेलं पुस्तक काढायचं? कोच्चप्पनच्या पोराला तू तोंड दाखवशील का?" अध्यक्षांच्या खुर्चीत माश बसले होते. ते म्हणाले, "पुढचा विषय."

तुलाम महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी, माशची अन्नावरची वासना गेली. उलट्या सुरू झाल्या. ते म्हणाले, शरीर साफ होतंय. पाय सुजले, तेव्हा म्हणाले, ओसरीवर बसून बसून झालं. लघवी कमी झाल्याचं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. एका सकाळी ते खुर्चीतून उठेनात, तेव्हा शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलं. तंकमणी बसने मागोमाग गेली.

तरुण डॉक्टर खाटेपाशी उभा होता. "औषधं कोणती चालू आहेत?"

"एकही नाही," माश म्हणाले.

"झाडपाल्याचं काही? काढा, चूर्ण?"

"काढा-बिढा मी घेत नाही."

हे खोटं नव्हतं. बिंबल काही औषध नव्हे, ते परसातलं फळ. देवयानी उशाशी उभी होती. दारात उभ्या असलेल्या तंकमणीने पिशवीतून घडी काढली आणि आत येऊन डॉक्टरच्या हातात दिली. "रोज पेलाभर. विषूपासून," ती म्हणाली.

डॉक्टरने पहिली ओळ वाचली आणि कागद तिला परत केला. "हे माहितीये आम्हाला. दरवर्षी कोणी ना कोणी येतंच. आधी का नाही आणलंत?" उत्तराची वाट न बघता तो नर्सकडे वळला. दुपारी माशना डायलिसिसच्या यंत्रावर घेतलं. मूत्रपिंडं पुन्हा चालतील का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाला, "काहींची चालतात. थांबावं लागेल."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. देवयानीच्या मांडीवर माशचा शर्ट होता, घडी घातलेला. ती म्हणाली, "तो कागद बघू."

तंकमणीने दिला. देवयानीने उलटसुलट करून पाहिला. "इंग्रजी आहे. काय लिहिलंय?"

तंकमणीने फिलोमिना टीचरनी सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. रस, उपाशीपोटी, आम्ल, खडे.

"तुला हे कधी कळलं?"

"ओणमनंतर. मी आणला होता ना, ओसरीवर. तीनदा आले त्यासाठी."

"मला वाटलं, वाचनशालेचं काही काम असेल." देवयानी शर्टाच्या कॉलरवरून बोट फिरवत राहिली. "ते कधी विहिरीकडे गेलेत का गं? फळं मी तोडायची. ठेचायचीही मीच, फडक्यातून पिळायचीही मीच. हाताला चिरा पडल्या माझ्या." तिने पंजे उघडून दाखवले. बोटांच्या पेरांवर कातडं पांढरं पडून सोललं होतं. "मागच्या दाराने येऊन मला एक शब्द सांगितला असतास तर दुसऱ्या दिवशी मी फडकं धुवून वाळत घातलं असतं. ते ओरडले असते आठवडाभर. ओरडू दे."

तंकमणी त्या हातांकडे बघत राहिली. गावातल्या सगळ्या घरी ती मागून जाते. या एकाच घरी समोरून गेली होती.

आतून नर्सने हाक मारली, "शंकुण्णींच्या घरचं कोण आहे?" देवयानी उठली, शर्ट तंकमणीच्या हातात देऊन आत गेली.