हसनमामूंची सळई

दुबईत अल नहदा भागात आमच्या बिल्डिंगखाली पाइपलाइनसाठी खोदलंय. काल लिफ्टमधून उतरलो आणि ओल्या वाळूचा तो खारट वास नाकात शिरला. मी तिथेच थांबलो.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. बर दुबईच्या जुन्या वस्तीत आमच्या खोलीतला दाभोळचा इब्राहिम तापाने गेला. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज पढून आम्ही पाच-सहा रत्नागिरीकर त्याची कबर खणायला गेलो. हसनमामू आमच्यात सगळ्यांत वडील. महायुद्धात ते सुरुंग काढणाऱ्या पलटणीत होते. इजिप्तच्या वाळवंटात, अलामेनला युद्ध फिरलं असं लोक म्हणतात. मामू त्याचं नावही काढत नसत.

त्या दिवशी त्यांनी आमची फावडी अडवली. कबाब भाजायची लोखंडी सळई घेऊन ते वाळूत पालथे पडले आणि वीत-वीत अंतरावर ती तिरकी खुपसत राहिले. ऊन कलत होतं, मय्यत मशिदीत ठेवलेली होती. मला हसू आलं. आज ते हसू आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"मामू, यल्ला, चला लवकर! इथे कुठली लढाई झाली?"

मान वर न करता ते म्हणाले, "अलामेनलाही असंच एका दोस्ताला पुरायचं होतं. जागा साफ आहे, असं मीच सांगितलं. खणणारे दोघे उडाले."

सगळी जागा तपासून ते उठले, तेव्हा मी फावडं उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, आम्हाला लांब उभं केलं, आणि पहिलं फावडं एकट्याने मारलं.