चाचांच्या चपला

गाणाऱ्याला घाम फोडायला मोठा उस्तादच समोर बसावा लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा चिखलीला येऊन आमच्या गादीवाल्या चाचांच्या चपला बघाव्यात.

चाचांचं दुकान कापूस पिंजून गाद्या भरायचं. रविवारी दुपारी तिथे आमची गाण्याची बैठक बसते, तीही लग्नासाठी तयार झालेल्या गाद्यांवर. गावातल्या कित्येक नवरानवरींच्या आधी त्या गाद्यांवर आम्ही मांडी घातलेली आहे. सगळ्यांच्या चपला बाहेर, चाचांच्या मात्र आत, गुडघ्याशी, पेपरावर. सूर एकदा पडला की चाचा चपलांकडे बघतात. दुसऱ्यांदा पडला की एक पाय चपलेत. तिसऱ्यांदा दोन्ही, आणि चकार शब्द न काढता समोरच्या टपरीवर. बरं, एवढा रुसून गेलेला माणूस परततो तो सगळ्यांसाठी चहा घेऊन, आणि पहिला कप ज्याच्यामुळे उठला त्याच्याच हातात. बाहेरगावच्या एका नावाजलेल्या गवयांना त्यांनी एका दुपारी तीनदा चहा पाजला होता.

मी साताऱ्याहून इथल्या शाळेत शिकवायला आले तेव्हा गाण्यातलं एकही माणूस ओळखीचं नव्हतं. खोलीत दार लावून गायचे, तर घरमालकीण ‘बरं वाटत नाही का?’ विचारून गेली. मग तेही बंद झालं, आणि मी बदलीचा अर्ज लिहून ठेवला. अशात गादी भरायला टाकायला चाचांकडे गेले आणि उभ्या उभ्या नकळत गुणगुणले. चाचांनी हातातली सुई थांबवली. “गादी बुधवारी भेटन,” ते म्हणाले, “तुमी इतवारी या.”

त्या रविवारी माझ्या पर्समध्ये अर्ज होता. चाचा उठले तर सोमवारी तो द्यायचा, असं ठरवूनच मी बसले. दुसऱ्याच तानेला चाचांनी चपलांकडे पाहिलं. अंतऱ्यात त्यांचा उजवा पाय चपलेत गेला. पुढचं सगळं गाणं मी डाव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं. तो दोनदा हलला, पण जागचा उठला नाही. “अर्धं जमलं,” चाचा म्हणाले, “अर्धं पुढच्या इतवारी.” अर्ज मी घरी येऊन फाडला.

तीन वर्षं झाली त्याला. गेल्या दिवाळीनंतर मात्र चाचा भलत्याच ठिकाणी उठू लागले. आमचे तबलजी, सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर, एकदा तबला सोडून स्वच्छ गात होते, आणि चाचा सरळ टपरीवर! कंपाउंडरांचा चेहरा इतका उतरला की मी दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेले. चाचांनी मशीन बंद केली आणि मला समोर, तोंड दिसेल असं बसवलं.

“बाई, डाव्या कानात रुई भरल्यावानी होऊन राह्यलं. उजवा बी चालला. आता तोंडाकडे पाहून समजून घेतो. पन कोनाले सांगू नका. समजलं तं काऊन येतीन लोक?”

मग त्यांनीच तोड काढली. “सूर पडला का तुमी चष्मा पुसा. मी पाहीन.”

“आणि मी गात असेन तेव्हा?”

“तवा बी तुमीच.”

तेव्हापासून दर रविवारी कुणाचा चहा व्हायचा ते माझ्या रुमालावर. कंपाउंडरांचा सूर पडूनही दोनदा मी चष्मा न पुसता सोडलं, हे इथे कबूल करते. आठ दिवसांपूर्वी मी गात होते. उतरताना निषाद निसटला, जेमतेम, कुणाच्या लक्षातही आला नाही. गाता गाता मी चष्मा काढला आणि पुसला. चाचा चपलांकडे बघायचे सोडून माझ्याकडेच बघत राहिले.

बैठक उठल्यावर हळूच म्हणाले, “कोनाले समजलं नव्हतं. मंग काऊन पुसला?”

“तुम्हाला समजलं असतं, चाचा.”

ते गाद्या आवरत राहिले.

काल रविवारी मी जरा उशिरा पोहोचले. दुकानाबाहेर आमच्या नेहमीच्या चपला होत्या, आणि त्यांच्यात, कंपाउंडरांच्या बुटांना लागून, चाचांच्याही. आता ते कुणाच्या सुरावर उठणार नव्हते; मला तिथेच रडू आलं. आत चाचा भिंतीला टेकून, अनवाणी पाय लांब करून, गाणाऱ्यांची तोंडं बघत बसले होते. मला बघून त्यांनी शेजारची गादी थोपटली. मी चपला काढल्या, त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि आत जाऊन बसले.