आईने सावरलेला काका

काकू काविळीने गेली, तेव्हा वडिलांनी काकाला, म्हणजे आपल्या धाकट्या भावाला, कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या घरी राहायला आणलं. काका पोलादाच्या प्लँटमध्ये रोलिंग मिलला कामाला होता. लहानपणापासून माझा लाडका. दारातूनच ओरडायचा, "वहिनी, आज भरीत केलं वाटते!" काकू गेल्यावर मात्र तो मुकाट्याने घरात यायचा.

आधी ड्यूटी सुटल्यावर थोडी पिऊन यायचा, मग सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच सुरू. पिणारे सोबती त्याला कुठेकुठे न्यायचे. त्याच्या शर्टाला कधीकधी परक्या अत्तराचा वास यायचा. आई तो शर्ट भिजत टाकायची.

एका सकाळी तो ड्यूटीला गेलाच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आई चहा घेऊन गेली.

"वहिनी, मले जगावंसंच नाई वाटून राहिलं."

आई रडली नाही. कप त्याच्या हातात दिला. "चहा प्या अन् कपडे बदला. दवाखान्यात जाऊ." मग मला म्हणाली, "तू बी चाल. मले तिथलं हिंदी नाई जमत." तिला हिंदी झकास यायचं. सोबत हवी होती, एवढंच.

दुर्गच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांच्या डॉक्टरबाई काकाशी बराच वेळ बोलल्या. तो बाहेर आला तेव्हा त्याची मान खाली होती.

"त्यायनं एचआयव्हीची तपासणी बी सांगितली, वहिनी. ती गेल्यावर मी नको तिथं गेलो. पिल्यावर भान राहत नव्हतं. काई काळजी घेतली नाई."

मी खाली फरशीकडे बघत राहिले. आईचा चेहरा लाल झाला. पदराने कपाळ पुसून ती म्हणाली, "मंग करा न तपासणी. घाबरून का होते?"

तपासणीत एचआयव्ही निघाला.

तिथल्या समुपदेशक ताईंनी काकाला विचारूनच आम्हाला आत बोलावलं. गोळ्या रोज घ्यायच्या, जन्मभर. नीट घेतल्या तर माणूस चांगला जगतो. दारूच्या नादात त्या चुकतात, म्हणून दारू सोडायची. आईने विचारलं, "एका ताटात जेवलं तर?" काही होत नाही, त्या म्हणाल्या. जवळ घेतलं तरी काही होत नाही.

घरी आल्यावर काकाने वडिलांना स्वतःच सगळं सांगितलं. जेवणाच्या वेळी काका दाराशीच उभा राहिला.

"माहं ताट वेगळं ठेवा, वहिनी."

"कावून? नवरदेव आहात का तुमी?"

काका हसला. काकू गेल्यानंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि हसता हसता तो रडायला लागला. वडील सरकले आणि त्यांनी आपल्या शेजारी त्याला जागा करून दिली.

दारू लगेच सुटली नाही. होळीला तो पुन्हा झिंगून आला. दुसऱ्या दिवशी आईने एवढंच विचारलं, "गोळी घेतली?" त्याने नाही म्हणून मान हलवली. त्या आठवड्यापासून तो दारू सोडलेल्या लोकांच्या बैठकीला जायला लागला. डॉक्टरबाईंची औषधंही चालू होती. हळूहळू त्याला झोप लागायला लागली, मग भूकही. पुढे रक्ताच्या तपासणीत विषाणू दिसेनासा झाला. औषध लागू पडलंय, पण बंद करायचं नाही, असं त्याला दवाखान्यात बजावून सांगितलं.

आता तो जवळच कुरुदला छोटं घर घेऊन राहतो. अजून मिलमध्येच आहे. रविवारी आमच्याकडे येतो आणि आईचा गॅस ताब्यात घेतो.

"तेल किती टाकून राहिले, भाऊजी!"

"तुमाले जमत नाई म्हणून तर मी करून राहिलो."

मागच्या महिन्यात मी माहेरी गेले होते. माझी मुलगी त्याच्या मांडीवर झोपली. ती जागी होईल म्हणून हा गडी हललाच नाही, आणि गॅसवरची वांग्याची भाजी पार करपली. आईने काका आणि नात, दोघांनाही शिव्या घातल्या आणि पिठलं टाकलं.