रेणुका तांबेचा विषय

"सर, मी ब्लॉग काढतेय," रेणुका म्हणाली. "पैसे मिळवण्यासाठी. फक्त विषय ठरायचाय."

आमच्या गावात नवीन काही सुरू करताना माणूस पैशाचं नाव शेवटी घेतो. आधी आवड, मग समाजसेवा, मग वेळ जात नाही म्हणून, आणि जमलंच तर चार पैसे. रेणुकाने ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, तेही आमच्या ओटीवर उभ्या उभ्या, हातात दुधाची किटली असताना. मला ते आवडलं.

तिचा नवरा महेंद्र माझा विद्यार्थी. सातवीपर्यंत मीच त्याला शिकवलं. पुढे तो एसटीत मेकॅनिक झाला, मुंबईत राहिला आणि तिथेच वाढलेल्या रेणुकाशी त्याचं लग्न झालं. रेणुका लालबागच्या एका छापखान्यात टायपिंग आणि पानं लावायचं काम करायची. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, मंडळांची अहवाल-पुस्तकं, जयंतीच्या स्मरणिका, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. कीबोर्डकडे न बघता ती मराठी अशी टाइप करते की समोरच्याचं बोलणं संपतं तेव्हा तिचं वाक्यही संपलेलं असतं. मालक थकले, छापखाना बंद झाला, आणि त्याच सुमारास महेंद्रची बदली लांज्याला झाली. दोघं गावच्या घरी, महेंद्रच्या आईजवळ, राहायला आली.

महेंद्रची आई म्हणजे कमलाबाई. नवरा गेल्यावर तिने घर एकटीने सांभाळलं. बोलायला तिखट, पण सुनेवर मुळात जीव.

"ब्लॉग म्हंजे काय गो?" तिने विचारलं होतं.

"म्हणजे आपलं आपण लिहायचं आणि मोबाईलवर लोकांनी वाचायचं."

"आणि पैसे कोन देनार?"

"जाहिराती लागतात त्यात. वाचणारे पुष्कळ असले तर."

"मग वाचनारे आदी बग," कमलाबाई म्हणाली. आता विचार करतो तेव्हा वाटतं, आम्हा सगळ्यांपेक्षा तिचाच सल्ला त्यातल्या त्यात कामाचा होता.

बाकी सल्ले आम्ही भरपूर दिले. मी म्हटलं, आपल्या भागातल्या जुन्या वाटा, बारवा, गावऱ्हाटीच्या चालीरीती यांवर लिही. महेंद्र म्हणाला, पाककृती लिही, तुझ्या हातचं कालवण खाऊन डेपोतली माणसं बोटं चाटतात. गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान आहे सर्वेशचं. तोही माझाच विद्यार्थी, संगणकातलं त्याला कळतं. तो म्हणाला, "वहिनी, मोबाईलचे रिव्ह्यू लिहा. पैसा तिथे आहे."

"मी आयुष्यात दोन मोबाईल वापरलेत, सर्वेशभाऊ. तिसऱ्याबद्दल काय लिहू?"

तिने पाककृतींपासून सुरुवात केली. नाव छान ठेवलं, फोटो छान काढले, भाषा तर तिची साफच. सबंध हिवाळा ती लिहीत होती. आमच्या घरात फोन लागतो, पण इंटरनेट चालत नाही, तिच्याही नाही. लिहून झालं की फोन घेऊन ती वर सड्यावर, गावावरच्या उघड्या पठारावर, जायची, तिथल्या काळ्या कातळावर बसून मजकूर चढवायची आणि खाली यायची. वाचणारे कोण? महेंद्रच्या बहिणी, तिच्या माहेरची माणसं, छापखान्यातल्या जुन्या मैत्रिणी आणि मी. शिमगा आला तरी आकडा हलला नाही.

मला वाटलं आता पोरगी खचेल. एका संध्याकाळी मुद्दाम तिच्या घरी गेलो. ती पडवीत कुळीथ निवडत बसली होती, तोंडावर नाराजी कुठे दिसेना.

"सर, चूक कळली मला," ती म्हणाली. "कोलंबीचं कालवण कसं करायचं हे कुणाला अडलेलं नाही. प्रत्येकीला आईने शिकवलंय, नाहीतर शंभर जणींनी आधीच लिहून ठेवलंय. आमच्या छापखान्यात लोक कशासाठी यायचे? लग्न ठरलं, पत्रिका हवी. परीक्षा आली, पेपर हवे. छान काहीतरी छापून द्या म्हणून एकही माणूस आला नाही. अडलं की यायचे. कशाने अडलंय ते मला शोधायला हवं."

"कुणाला?"

"लोकांना. इथल्याच लोकांना. मुंबईपुण्याला लिहिणारे पुष्कळ आहेत."

आणि तिने ते खरोखर शोधलं. त्या दिवसांत ती आठवड्याच्या बाजाराला लांज्याला जायची. एसटीत शेजारी जो बसेल त्याला सरळ विचारायची, "तुम्ही मोबाईलमध्ये शेवटचं काय शोधलंत हो?" एकदा मी तिच्या मागच्याच बाकावर होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लोक सांगायचे! कुणाला आधी हसू यायचं, मग फोन काढून बघायचे. एका बाईने गुडघेदुखी शोधली होती. एकाने नातीच्या शाळेचा निकाल. एका तरुणाने जे शोधलं होतं ते तो सांगेना, आणि सगळी गाडी हसली. मग खिडकीपाशी बसलेले एक गृहस्थ, टोपी सरळ करत म्हणाले, "मी वाघाचा आवाज शोधला."

"वाघाचा?"

"डरकाळी हो. परसात लावायला. माकडांनी वैताग आणलाय."

त्यांच्या पुढचा माणूस मागे वळला. "त्याने काय होत नाय. मी लावून बघितली."

मग बोलायला सगळेच पुढे. कुणाच्या पपया गेलेल्या, कुणाच्या घराची कौलं फुटलेली. एकाने भुईमूग करणं सोडलं होतं, एकीने तर दाराशी भेंडी लावणंही सोडलं होतं. कंडक्टरने तिकिटं थांबवून आपल्या शेवग्याची हकिगत सांगितली. आमचा थांबा आला तरी विषय संपेना. खाली उतरल्यावर रेणुका चालायची थांबली आणि माझ्याकडे वळली.

"सर, मिळाला."

"काय?"

"विषय. माकडं."

घरी गेली तर कमलाबाई अंगणात पत्र्याचा डबा बडवत उभी, आणि फणसावर वानरांची अख्खी टोळी तिच्याकडे बघत बसलेली. "मेल्यानू, खावा आता माजी हाडां!" म्हातारी ओरडत होती. तिने भाजी लावणं केव्हाच सोडलं होतं. घरामागे चांगली दोन गुंठे माती नुसती गवत वाढवत पडली होती.

महेंद्र आधी हसला. "रेणू, लोक म्हणतील तांब्यांची सून माकडांवर लिहिते."

"म्हणू देत. नाव लक्षात राहील."

मी मात्र गंभीरपणे विचारलं, "तू मुंबईत वाढलेली. शेतीतलं तुला काय कळतं?"

"काही नाही. म्हणून विचारीन. आणि आपल्या परसात करून बघितल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. माकडं आहेतच, ती कुठे जाणार नाहीत. मग ती असताना काय पिकतं, एवढंच लिहायचं."

ब्लॉगचं नाव तिने ठेवलं 'माकडांच्या गावात परसबाग'. पाककृती सगळ्या काढून टाकल्या. महेंद्र हळहळला, ती नाही.

मे महिन्यात सासूसुनेने मिळून गवत काढलं, वाफे केले. सुरण लावला, कारण तो जमिनीखाली वाढतो आणि खाजतो. हळद, आलं, थोडी मिरची. वांग्यांवरून वाद झाला. कमलाबाईचं ठाम मत की वांग्याला वानर तोंड लावत नाही. रेणुका म्हणाली, लावून बघू. वांगी धरली, आणि एका सकाळी वानरं येऊन सगळी तोडून, एकेक घास खाऊन, उरलेली पडवीच्या पायरीवर टाकून गेली. रेणुकाने फोटोसकट ते लिहिलं: 'वांगी वानर खात नाही असं आमच्या आईंचं म्हणणं होतं. वानरांना ते कुणी सांगितलं नव्हतं.'

"माजा नाव कशाला घातलंस त्यात?" कमलाबाई दिवसभर घुश्शात. मग रेणुकाने सड्यावर जाऊन आलेल्या प्रतिक्रिया तिला वाचून दाखवल्या. देवरूखच्या एका बाईने लिहिलं होतं, 'कमलाबाईंना सांगा, माझंही तेच मत होतं, माझीही गेली.' म्हातारीने दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर ती स्वतःच विचारू लागली, "आज काय लिवतेस?"

वाघाची डरकाळीही तिने सोडली नाही. महेंद्रने डेपोतल्या मित्राकडून स्पीकर आणला. पहिल्या दिवशी डरकाळी ऐकून टोळी शेजारच्या वाडीत पळाली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ती आंब्यापर्यंतच गेली. आणखी काही दिवसांनी एक थोराड वानर खाली उतरलं आणि स्पीकरच्या शेजारी शेपूट सोडून बसलं, जणू रेडिओ ऐकतंय. रेणुकाने तो फोटो काढला. लेखाचं नाव, 'वाघ किती दिवस चालतो?' तो लेख मात्र पळाला. गुहागर, राजापूर, कणकवली, खाली पार गोव्यापर्यंत लोकांनी एकमेकांना पाठवला. मलाच माझ्या भाच्याने पुण्याहून पाठवला, 'मामा, हे वाचा, तुमच्याकडचंच दिसतंय.'

आता प्रश्न येऊ लागले. मिरीचे वेल चालतील का? जाळी कुठली घ्यायची? काहींनी विष कुठलं घालायचं तेही विचारलं. तशा प्रश्नाला ती उत्तर द्यायची, 'इथे ते मिळणार नाही,' आणि प्रश्न काढून टाकायची. एकाने तिला शहरी शहाणी म्हटलं. "मी शहरीच आहे," ती मला म्हणाली. "पण वांगी माझी गेलीत, त्याची नाही."

गणपतीनंतर एका विक्रेत्याचा फोन आला. माकडं पळवणारं यंत्र; म्हणे माणसाला ऐकू येत नाही असा आवाज करतं. चांगलं चार ओळींत लिहा, पैसे देतो. रक्कम ऐकून महेंद्र खुर्चीत सरळ झाला. जाहिरातींचे पैसे तोवर यायला लागले होते, पण ते चहासाखरेपुरते.

"यंत्र पाठवा," रेणुका फोनवर म्हणाली. "लावून बघते. जे दिसेल ते लिहीन. चाललं तर चाललं म्हणून, नाही तर नाही म्हणून. पैशांचं नंतर, यंत्राचं काम बघितल्यावर बोलू."

यंत्र आलं, जांभळीखाली बसवलं. वानरांवर काडीचा परिणाम झाला नाही. शेजारच्या हौसाकाकीचा कुत्रा तेवढा उठला आणि गावाबाहेर जाऊन बसला. यंत्र बंद केल्यावर संध्याकाळी परत आला. रेणुकाने कंपनीचं नाव न घेता एवढंच लिहिलं की असं एक यंत्र आम्ही लावलं, आणि कोण पळालं. विक्रेता फोनवर फार चिडला. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमचं यंत्र नीट बांधून ठेवलंय, पत्ता सांगा, परत पाठवते."

त्या संध्याकाळी महेंद्रने विषय काढलाच. "लिहिल्या असत्यास चार ओळी तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला.

"ज्याने माझं वाचून ते घेतलं असतं, तो पुन्हा माझं वाचायला आला असता का?"

महेंद्र हिशोबाने चालणारा माणूस. तो म्हणाला, "नसता आला." आणि उठून कोंबड्या कोंडायला गेला.

यंत्राच्या लेखानंतर वाचणारे वाढले ते वाढलेच. राजापूरच्या एका जाळी करणाऱ्या कारागिराने स्वतःहून आपली जाळी पाठवली, त्याच अटीवर. ती चालली. दोन ठिकाणी वानरांनी फाडली, तेही तिने लिहिलं. त्याला इतक्या मागण्या आल्या की त्याने रीतसर जाहिरात द्यायला सुरुवात केली. मग संक्रांतीनंतर हळद काढली. वानरांनी काही गड्डे उपटून हुंगून टाकले होते, बाकी सगळी जमिनीत सुखरूप. माती झटकताना कमलाबाई म्हणाली, "बरीच हाय गो," आणि पदराने डोळे पुसले. मी तिला रडताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, ते दुःखात.

हळदीचा फोटो टाकल्यावर लोकांनी बियाणं मागितलं. हे रेणुकाच्या मनात आलं नव्हतं. निम्मी हळद बियाण्याला गेली, कुरिअरने आणि ओळखीच्या एसटी ड्रायव्हरांच्या हाती. यंदा तिने मुंबईला असलेल्या शेजाऱ्यांची पडीक जागा कसायला घेतली आहे. वाडीतल्या आणखी तीन घरांनी तिच्याकडून बियाणं घेऊन लावलंय. छापखान्यात मिळायचा तेवढा पगार आता ब्लॉग आणि बियाणं मिळून सुटतो, असं तीच सांगते, आणि हातचं राखून सांगायची तिला सवय नाही.

मध्यंतरी सर्वेश आला होता. "वहिनी, आता माणसं येतायत तर पर्यटन टाका, होम स्टे टाका, पाककृती परत टाका."

"सर्वेशभाऊ, माझ्याकडे येतो तो एकच गोष्ट शोधत येतो. त्याला मी कालवण वाढलं तर तो उठून जाईल."

"पण विषय संपेल की कधीतरी."

"वानरांना सांगून बघा."

मागच्या आठवड्यात ती पहाटेच्या गाडीने दापोलीला गेली, खेडला गाडी बदलून. तिला रानडुकरांबद्दल विचारणारे फार झालेत, आणि त्यातलं तिला अजून काही माहीत नाही. कृषी विद्यापीठातल्या कुणाशी तरी फोनवर बोलून तिने वेळ ठरवली होती. मी थांब्यावर भेटलो तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती, हातात पाण्याची बाटली.

"डुकरांवर लिहिणार?" मी विचारलं.

"आधी विचारीन, मग लावून बघेन. जमलं तर लिहीन," ती म्हणाली, आणि गाडी येताना दिसली तशी पुढे झाली.